बाहेरचं बियाणं

तळ्यावर गळ टाकायला येणारी माणसं तिला वळवळमावशी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण ते चिकटलं तिच्या एका सवयीमुळे. गिऱ्हाईक आलं की ती डब्यातून एक गांडूळ उचलायची, तळहातावर ठेवायची आणि हात सरळ त्याच्या नाकासमोर धरायची. गांडूळ असं उसळायचं की नवखा माणूस एक पाऊल मागे सरायचा. "बघून घ्या," ती म्हणायची, "नंतर माशाला नावं ठेवू नका." तिची जाहिरात एवढीच, आणि हमीही एवढीच.

बंधाऱ्याच्या कडेला तिची पत्र्याची टपरी होती. आत बसायला एक स्टूल, ओल्या गोणपाटाखाली झाकलेले डबे, खिळ्याला टांगलेले गळ आणि दोऱ्याची रिळं. मासे पकडायला येणाऱ्यांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. ही माणसं माशासाठी येत नाहीत, घरातून सुटायला येतात, असं ती उघड म्हणायची. पण सलग तीन-चार रविवार रिकाम्या हातानं परत गेलं की घरची माणसं विचारायला लागतात, म्हणून अधूनमधून मासा लागणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. आणि मासा लागायचा तर आमिष जिवंत हवं. पडून राहिलेल्या गांडुळाकडे मासा ढुंकूनही बघत नाही.

तिचं घर टपरीपासून चालत जाण्याजोगं होतं. दोन खोल्या, आणि मागच्या अंगणात विटांचा कमरेएवढा उंच हौद, वर फळ्यांचं झाकण. तो हौद तिच्या आईनं बांधला होता, स्वतःच्या हातानं, गवंडी न लावता. त्यात माती, कुजलेला पाला, शेण आणि भाजीची देठं यांचा थरावर थर, आणि आत गांडुळं. तांबूस अंगाची, शेपटीचं टोक पिवळसर. आईनं टपरी टाकली तेव्हा जी मूठभर गांडुळं घेऊन सुरुवात केली होती, त्यांचाच हा सगळा वंश. टपरी आईनंतर तिच्याकडे आली, हौद तिच्याकडे आला, आणि त्या इतक्या वर्षांत बाहेरचं एक गांडूळ त्यात पडलं नव्हतं.

म्हणजे आणायचंच नाही असं नव्हतं. पण त्याला रीत होती. बाहेरचं बियाणं आलं की ते आधी पेटीत. ही पेटी म्हणजे जुन्या कपाटाचा एक खण, खाली भोकं पाडलेला, वर जाळी ठोकलेला, माळ्याच्या जिन्याखाली ठेवलेला. त्यात ती गांडुळं स्वतंत्र मातीत राहायची. त्यांच्या गळ्याजवळचा पट्टा फुगीर आहे का, ती मोहरीहून थोडे मोठे पिवळे कोष घालतात का, आणि त्या कोषांतून दोऱ्यासारखी पांढरी पिल्लं बाहेर पडतात का, हे सगळं बघून झालं की मगच हौदाचं झाकण उघडायचं. मुलाला मुलगी बघताना आईनं जेवढी चौकशी केली नव्हती तेवढी ती गांडुळांची करायची, आणि हे ती सुनेच्या तोंडावर सांगायची. दर वेळी पेटीतली गांडुळं पेटीतूनच परत जायची. आईच्या मनाला काही येत नसे.

मुलगा म्हणजे वळवळमावशीचा दादा. तो एका क्लबच्या गोल्फच्या मैदानावर मुकादम होता. घराण्यात गणवेशाची नोकरी लागलेला पहिला माणूस. ज्या दिवशी त्याला नोकरी आणि पंपघरामागची राहायची खोली मिळाली, त्या दिवशी आईनं हौदातली एक मूठ गांडुळं डब्यात घालून त्याच्या हातात दिली होती. खोलीमागे थोडी जमीन होती. "भाजी कर," ती म्हणाली, "मातीचं ही बघून घेतील." दादा तेव्हा हसला होता. साहेब लोकांच्या क्लबात गांडुळांचा डबा काखोटीला मारून जाणारा तोच एकटा असणार.

पुढे दादाची नोकरी काय होती तर गांडुळं मारणं. ज्या गुळगुळीत हिरवळीवर साहेब लोक चेंडू ढकलत, तिथे गांडुळं मातीच्या गुठळ्या वर आणून टाकतात आणि चेंडू वाट सोडतो. चेंडूनं वाट सोडली की साहेबांचा तोल जातो, आणि साहेबांचा तोल गेला की मुकादमाचं काही खरं नसतं. म्हणून ठरावीक काळानं हिरवळीवर औषध ओतायचं. औषध जमिनीत मुरलं की थोड्या वेळात गांडुळं वर यायची, घोळक्यानं, एकमेकांत गुंतत. साहेब यायच्या आत ती झाडूनं गोळा करायची. दादा हे फार रंगवून सांगायचा. "तू पोसतेस, मी मारतो," तो म्हणायचा, "आईचा धंदा दोन्हीकडून चालू आहे." आई असेपर्यंत या विनोदाला सगळे हसत.

आई गेली आणि हसणं संपलं. दोन खोल्या आणि हौद आईनं मुलीच्या नावावर केला होता. मुलीचा नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात गेला होता आणि तिकडचाच होऊन राहिला होता, तिला दुसरं छप्पर नव्हतं, दादाला क्लबची खोली होती. सगळं उघड होतं. पण उघड गोष्टीचाही राग येतो. दादा म्हणाला, "तुझं आहे ना सगळं, मग तुझं तू बघ." आणि त्यानं पाऊल टाकणं बंद केलं. आजारपण असो की आनंदाची गोष्ट असो, येणं नाही, बोलावणं नाही. तिनं दोनदा निरोप पाठवला, मग तीही गप्प बसली. पण संध्याकाळी हौदाला पाणी मारताना दाराची कडी वाजली की तिची मान अजून वळायची. तिला दादा हवा होता. हे ती कुणाला सांगत नसे, पण हवा होता.

मग तो चिवट उन्हाळा आला. तळ्याचं पाणी उतरलं, मासे एका कोपऱ्यात गोळा झाले, आणि ज्यांना कधी मासा लागला नव्हता अशीही माणसं काठ्या घेऊन आली. इकडे हौद तापला. किती गोणपाटं ओली करून टाकली तरी गांडुळं खाली तळाशी जाऊन बसली आणि कमी झाली. दुपार व्हायच्या आत डबे रिकामे होऊ लागले. गिऱ्हाईक परत पाठवणं तिला भिकेला लागण्यापेक्षाही वाईट वाटायचं, कारण परत गेलेलं गिऱ्हाईक दुसरी वाट शिकतं.

अशाच एका सकाळी दार वाजलं. बाहेर दादा उभा. मागे क्लबची हातगाडी, तिच्यावर झाकण लावलेल्या बादल्या आणि गवताच्या कात्रणानं ठासून भरलेली पोती.

"हे काय?" ती म्हणाली. इतक्या दिवसांनी पहिला शब्द तोच निघाला.

"तुझ्यासाठी. तळ्यावर माल पुरत नाहीये असं कळलं. आमच्याकडे वायाच जातात."

तिनं बादलीचं झाकण उचललं. आत काठोकाठ गांडुळं. "औषध मारलेली?"

"औषध गवताला मारतात गं. ही नुसती वर येतात. पाण्यानं धुऊन आणलीत." मग तो हौदाजवळ गेला, कठड्यावरून हात फिरवला. "आईनं काय घट्ट बांधलंय. एक वीट हललेली नाही."

तिनं आपली नेहमीची परीक्षा घेतली, बादलीतलं एक गांडूळ तळहातावर ठेवलं. ते असं उसळलं, अशी वेटोळी घातली त्यानं, की खाली पडलं आणि जमिनीवरही नाचतच राहिलं. तिच्या हौदातलं कुठलंच गांडूळ कधी असं उसळलं नव्हतं. दादा चहा घेऊन गेला. कितीतरी महिन्यांनी त्या घरात दोन कप विसळले गेले.

पेटी जिन्याखाली होती. ती दिसली नाही असं नव्हे. वळवळमावशी तिच्याकडे बघत काही वेळ उभी राहिली. आणि तिच्या मनात जे आलं ते असं की दादानं आपण होऊन पाऊल टाकलंय आणि आपण त्याच्या गांडुळांना जिन्याखाली ठेवायचं? तो काय बाहेरचा आहे? तिनं हौदाचं झाकण उघडलं आणि बादल्या आत उलट्या केल्या. वरून कात्रण पसरलं, हिरवंगार, ओलं, छान वासाचं. आई असती तर तिनं हात धरला असता. पण आई असती तर दादाही रुसला नसता, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्यानंतर दादा येत राहिला. औषधाची फेरी झाली की बादल्या यायच्या, मधल्या दिवसांत कात्रणाची पोती. तो पाच मिनिटं टेकायचा, पाठ दुखते म्हणायचा, चहा घ्यायचा. ती गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगू लागली, "हा भावाकडचा माल आहे." पहिला रविवार तर असा गेला की तळहातावर गांडूळ टिकेना. माणसं हसत होती. "मावशी, आज याला काय पाजलंत?" कुणीतरी विचारलं. तिनंही हसून हात हलवला.

पुढच्या काही दिवसांत हसणं आटलं. तळहातावरचं गांडूळ पडून राहू लागलं. बोटानं टोचलं तर जरा आखडायचं, पुन्हा सैल. आधी तिला वाटलं ऊन लागलं असेल. मग वाटलं हा डबाच खराब. गिऱ्हाइकं बोलून दाखवू लागली. "मावशी, दोरा लावलाय की गांडूळ, तेच कळत नाही." एक जुना माणूस, जो आईच्या वेळेपासून यायचा, तो काही न बोलता डबा परत ठेवून गेला. त्यानं ओरडायला हवं होतं, ते तिला सोसलं असतं. पुढच्या रविवारी तो बंधाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला बसलेला दिसला, पीठ मळून आणलेल्या गोळ्या गळाला लावत.

तिनं हौदात हात घातला. इतकी वर्षं त्या हौदात हात घातला की बोटांभोवती जीव जाणवायचा. आता माती थंड आणि मुकी लागत होती. वास बदलला होता. गांडुळं बारीक झाली होती, अंगाला चिरा पडल्यासारखी, काहींच्या गळ्याजवळचा पट्टा पुसट झालेला. तिनं मूठ-मूठ माती पसरून कोष शोधले. एकेकाळी मोहरी सांडल्यासारखे पडलेले असायचे. आता जे चार-दोन मिळाले ते चुरगळलेले. आणि यात फक्त दादाची गांडुळं नव्हती. पिवळ्या शेपटीची, आईचीही होती. ती घाबरली. घाबरून तिनं काय केलं, तर आणखी कात्रण घातलं. उपाशी असतील म्हणून.

तिच्या गिऱ्हाइकांत एक जण होता, त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तो माणसांचा डॉक्टर नव्हता. शेतीची औषधं बाजारात जाण्याआधी त्यांचा गांडुळांवर काय परिणाम होतो, हे तपासण्याच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. "आठवडाभर गांडुळं मारतो आणि रविवारी तीच गळाला लावतो," तो स्वतःच म्हणायचा, "या जातीशी माझं काय वाकडं आहे कुणास ठाऊक." वळवळमावशीनं एका रविवारी त्याच्यापुढे हात केला. गांडूळ पडून होतं. डॉक्टरनं विनोद केला नाही. त्यानं ते उचललं, चष्मा वर करून डोळ्याजवळ नेलं, आणि म्हणाला, "डबाभर द्या. तपासून सांगतो. चांगलीही द्या थोडी, तुलनेला."

"चांगली आता कुठून आणू?"

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. "बरं. तुलनेला आमची घेतो."

पुढच्या रविवारी तो गळाची काठी न घेता आला.

"रात्रभर ओल्या कागदावर ठेवली, पोट रिकामं व्हायला," तो स्टूल ओढून घेत म्हणाला. "वजन केलं. मग बर्फावर ठेवून वाटली."

"वाटली?"

"वाटावी लागतात. आतलं काय ते तसंच कळतं."

"मग मला विचारायचं होतंत. वरून बघूनही कळतंय की काही खरं नाही."

"काय झालंय ते वरून कळत नाही ना, मावशी." तो बोलताना खाली बघत होता. "आपल्याही अंगात असतं तसं त्यांच्याही आहे. मज्जातंतू निरोप देतो, आखड. स्नायू आखडतो. मग तो निरोप पुसून टाकणारं एक द्रव्य असतं. ते निरोप पुसतं म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो. हे जे औषध आहे, ते त्या पुसणाऱ्यालाच धरून ठेवतं. दाराची घंटा दाबली आणि बटण आतच अडकलं, तर ती वाजतच राहते ना, तसं. तुमच्या गांडुळांत ते द्रव्य निम्म्याहून कमी काम करतंय."

"पण आधी तर उसळत होती. हातावर ठरत नव्हती."

"तीच ती घंटा. ती ताकद नव्हती. त्यांना थांबता येत नव्हतं."

वळवळमावशी आपल्या तळहाताकडे बघत राहिली. जन्मभर त्या हातावर विश्वास टाकला होता तिनं.

डॉक्टरला गप्प बसवेना, किंवा त्याला तेवढंच बोलता येत होतं. "विषाशी झगडताना अंगातला सगळा साठा वापरून टाकलाय त्यांनी. साखर, चरबी, मांस. वजन उतरलंय ते त्यामुळे. स्वतःला जगवायला पुरत नाही, तिथे अंडी कुठून घालणार. पट्टा पुसट होतो तो म्हणूनच."

"सुधारतील?"

"स्वच्छ मातीत ठेवली तर काही सुधारतात. खायला काय घालता?"

"गवताचं कात्रण. क्लबच्या मैदानावरचं. भाऊ आणून देतो."

"किती दिवस?"

"रोजच घालते." आणि बोलता बोलता तिला कळलं. डॉक्टरला सांगावंच लागलं नाही. ती रोज स्वतःच्या हातानं औषध घालत होती, थरावर थर, प्रेमानं पसरून, वर पाणी शिंपडून.

"हौद रिकामा करा," डॉक्टर म्हणाला. "माती खोल पुरा. विटा घासून उन्हात सुकू द्या. भावाला नाही सांगितलं कुणी, की हे बाहेर न्यायचं नसतं?"

"त्याला काय कळतंय त्यातलं," ती ताडकन म्हणाली. "त्यानं मायेनं आणलं."

"असेल," डॉक्टर म्हणाला, आणि उठला.

तिनं अंगणात खड्डा खणला. एकटीनं. उन्हानं जमीन दगडासारखी झाली होती, कुदळ नुसती वाजत होती, तळहाताला फोड आले. हौदातली माती ती घमेल्यानं खड्ड्यात टाकत गेली. आत अजून जिवंत गांडुळं होती, हळूहळू हलणारी. त्यांना वेगळं काढायचा मोह तिनं आवरला. तळाशी आईनं घातलेली विटांची फरशी लागली तेव्हा ती तिथेच हौदाच्या कठड्याला टेकून बसली आणि रडली. तिला आईची लाज वाटली. एवढं एकच सांभाळायला दिलं होतं आईनं, आणि सांभाळायची रीतही दिली होती.

दादाचा मात्र राग आला नाही. उलट त्याची काळजी लागून राहिली. तो तर उघड्या हातांनी औषध कालवतो, बादल्या उचलतो. पाठ दुखते म्हणतो, हात कापतात म्हणतो. डॉक्टर म्हणाला होता, आपल्याही अंगात तेच असतं. आणि त्याला हे सांगायचं तरी कसं? बिचाऱ्यानं रुसवा सोडून पहिल्यांदा काही दिलं, ते असं निघालं. त्याला कानकोंडं वाटेल. ती वाटभर शब्द जुळवत क्लबकडे गेली. बादल्या आता नको, माझ्याकडे जागा नाही, असं म्हणावं. आणि हातमोजे घालत जा, एवढं बजावावं.

फाटकावरच्या माणसानं तिला मागच्या वाटेनं पाठवलं. ती पहिल्यांदाच तिकडे जात होती. पंपघराच्या अलीकडे एक अर्धवट खणलेला खड्डा दिसला, कडेला गवत माजलेलं, फावडं तसंच रोवलेलं आणि त्याच्या दांड्यावर कोळ्याचं जाळं. पुढे दादाची खोली, आणि खोलीमागे भाजी. ती बघतच राहिली. टोमॅटो असे लगडलेले की काठ्या वाकल्या होत्या. मिरच्या, भोपळ्याचे वेल, पालेभाजीचे हिरवेगार चौकोन. वहिनी परडीत टोमॅटो तोडून ठेवत होती.

"अगंबाई, ये ये," वहिनी म्हणाली. "बरं झालं आलीस. यांच्या तोंडी हल्ली तुझंच नाव. तुझ्यामुळे सुटले म्हणतात."

"कशातून सुटला?"

"त्या खड्ड्यातून. क्लबचा नियमच आहे, औषध मारलं की गांडुळं आणि कात्रण खोल पुरायचं, बाहेर न्यायचं नाही. दर वेळी खणायचं म्हणजे पाठीचं काय होतं यांच्या. आता तू घेतेस, म्हणून जीव वाचला."

वळवळमावशीला आपल्या तळहातावरचे फोड जाणवले. ती शांतपणे म्हणाली, "इथे का नाही घालत कात्रण? भाजीला चांगलं."

"इथे?" वहिनीला खरंच आश्चर्य वाटलं. "अगं, हे आम्ही खातो. इकडे औषधाचा थेंब येऊ देत नाहीत ते. पाण्याची नळीसुद्धा वेगळी ठेवलीय."

वळवळमावशी खाली बसली. टोमॅटोच्या बुंध्याशी तिनं बोटं मातीत घातली. माती भुसभुशीत होती, काळी, गार, आणि बोटांभोवती जीव होता. तिनं मूठ वर काढली. तांबूस अंगाचं, जाड, फुगीर पट्ट्याचं एक गांडूळ तिच्या तळहातावर एकदा उसळलं आणि लगेच मुठीच्या अंधारात शिरायला बघू लागलं. शेपटीचं टोक पिवळसर होतं. आईनं डब्यात घालून दिलेल्या मुठीचा वंश, इतकी वर्षं इथे सुखात नांदत होता.

दादा मैदानाकडून आला तेव्हा ती अजून तशीच बसली होती. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं. वहिनी परडी उचलून आत गेली.

"हौद गेला," ती म्हणाली. "सगळा. पुरून टाकला."

दादा म्हणाला, "मला वाटलं, गळालाच लावायची आहेत. मरायचीच ना ती शेवटी."

"मी हौदात घातली."

"हौदात?" त्याचा आवाज चढला, चूक सापडल्यासारखा. "एकदम हौदात कशाला घातलीस? आधी पेटीत ठेवायची ना. आईची रीतच होती ती. मला वाटलं तू पेटीतच ठेवत असशील."

"बाहेरची ठेवतात पेटीत."

दादाच्या उजव्या हाताची बोटं थरथरत होती. त्यानं हात खिशात घातला. तिला ते दिसलं, आणि वाटभर जुळवलेले हातमोज्यांचे शब्द तिच्या तोंडापर्यंत आलेही. तिनं ते गिळले नाहीत. "हातमोजे घालत जा," ती म्हणाली. "आपल्यालाही बाधतं ते." पण ते तिनं तळ्यावरच्या कुठल्याही माणसाला सांगावं तसं सांगितलं, आणि सांगताना तिलाच ते ऐकू आलं.

दादाला मात्र ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, मिटलं. तो घाईघाईनं खुरपं घेऊन वाफ्याशी बसला. "ही ने ना," तो म्हणाला, "हवी तेवढी ने. आईचीच आहेत. मी काढून देतो." आणि त्यानं हात लांब करून भिंतीशी पालथी घातलेली बादली ओढली. तीच बादली.

"त्यात नको," ती म्हणाली.

तिच्या पिशवीत टपरीवरचा रिकामा डबा होता. तिनं स्वतःच माती उकरली आणि मूठभर गांडुळं मातीसकट डब्यात घातली. एकच मूठ. आईनं दिली होती तेवढीच. दादा उकिडवा बसून बघत होता. त्याला आणखी काही द्यायचं होतं, ते दिसत होतं, पण काय ते त्याला कळत नव्हतं.

"लगेच हौदात सोड," तो म्हणाला. "वर्षभरात पुन्हा भरेल. घरचंच बियाणं आहे."

तिनं डब्याचं झाकण लावलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि उठली.

"आधी पेटीत ठेवीन," ती म्हणाली. "बाहेरचं आहे."